जांभळ्या झाकणाची नळी: किडनी, गजकर्ण आणि सायक्लोफिलिन

क्रिएटिनिन (रक्तात हे वाढलं म्हणजे किडनी मंदावली) १.३ वरून २.१ वर आणि बसवलेली किडनी टिकवणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाची रक्तातली पातळी ६४. हे दोनच आकडे समोर असले, तर बहुतेक डॉक्टर एकच अर्थ लावतील: औषध कमी पडतंय, शरीर बसवलेली किडनी नाकारायला लागलंय, डोस वाढवा. या प्रकरणात तसंच झालं आणि त्याने किडनी आणखी बिघडली. पातळी प्रत्यक्षात कितीतरी जास्त होती. ती कमी का दिसली आणि किडनीवर का उठली, या दोन्ही प्रश्नांच्या उत्तरात सायक्लोफिलिन हे छोटं प्रोटीन येतं. मुळात चढली का, याचं उत्तर वेगळं आहे.

(खालचा रुग्ण कोणी एक व्यक्ती नाही. किनारपट्टीवर किडनी बसवलेल्या रुग्णांच्या बाबतीत जे प्रसंग घडू शकतात, त्यांवरून हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलं आहे. औषधांविषयीची माहिती खरी आहे. डोस मात्र आपापल्या नेफ्रॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय कुणी बदलू नये.)

रुग्ण

वय ४९, वजन ६२ किलो, वेंगुर्ले तालुक्यातला आंबा-काजूचा बागायतदार. ११ वर्षांपूर्वी आईची किडनी बसवली. तेव्हापासून सायक्लोस्पोरिन १०० मिलिग्रॅम सकाळी ८ आणि रात्री ८, प्रतिकारशक्ती दाबणारीच आणखी दोन औषधं, अझाथायोप्रिन ७५ मिलिग्रॅम आणि प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम, आणि रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. अलीकडे बसवलेल्या किडन्यांना बहुतेक ठिकाणी टॅक्रोलिमस हे त्याच कामाचं दुसरं औषध देतात. पण ज्यांची जुनी किडनी सायक्लोस्पोरिनवर नीट चालली आहे, त्यांचं औषध उगीच कोणी बदलत नाही. या रुग्णाचं क्रिएटिनिन वर्षानुवर्षं १.३ च्या आसपास, आणि सकाळच्या डोसआधीची पातळी ११२. त्याच्या केंद्राने त्याच्यासाठी ८० ते १२५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही चौकट ठरवून दिली होती.

आषाढ-श्रावणात कंबरेला आणि जांघेत गजकर्ण उठलं. पावसात कपडे वाळत नाहीत, ओलसर चड्डीवर दिवसभर बागेत काम. दोन महिने त्याने दुकानातून आणलेलं खाजेचं मलम लावलं. या मलमांत बहुधा क्लोबेटासॉलसारखं जोरदार स्टेरॉइड असतं. त्याने खाज दबते आणि बुरशी पसरते, आणि इथेही तसंच झालं. शेवटी भाद्रपद लागता लागता इट्राकोनाझोल हे बुरशीवरचं पोटात घ्यायचं औषध १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू झालं. गजकर्णासाठी ते रोज लिहिलं जाणारं औषध आहे. किडनी बसवलेली आहे हे चिठ्ठी लिहिणाऱ्याला सांगितलं गेलं, सायक्लोस्पोरिनचं नाव मात्र निघालं नाही. रुग्णाच्या लेखी ती 'किडनीची गोळी' होती.

इट्राकोनाझोल सुरू झालं तो दिवस शून्य धरू.

आठव्या दिवशी बायकोच्या लक्षात आलं, की चहा देताना त्यांच्या हातात कपबशी किणकिणते. "बशी वाजता हातात," एवढंच तिने सांगितलं, पण नेमकं सांगितलं. सायक्लोस्पोरिन चढलं की हाताला बारीक कंप सुटतो, आणि बशीवर ठेवलेला कप तो कोणत्याही तपासणीआधी दाखवतो.

दहाव्या दिवशी गावच्या डॉक्टरांकडे रक्तदाब १६६/१००, क्रिएटिनिन २.१, पोटॅशियम ५.५, हिमोग्लोबिन ९.८. सायक्लोस्पोरिनच्या पातळीसाठी रक्त घेऊन बाहेरगावच्या लॅबकडे पाठवलं. तेराव्या दिवशी अहवाल आला: ६४. डोस १०० वरून १२५ मिलिग्रॅम दोनदा केला.

सतराव्या दिवशी डोकं ठणकत होतं, रक्तदाब १७८/१०६, क्रिएटिनिन २.९, पोटॅशियम ६.३. भर पावसात आंबोलीचा घाट चढून रुग्ण प्रत्यारोपण केंद्रात पोचला. तिथे सकाळचा डोस देण्याआधी रक्त घेतलं. पातळी ३६८.

६४ हा आकडा आला कुठून

बाहेरून पाहिलं तर चूक अगदी साधी. रक्त जांभळ्या झाकणाच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीतच घेतलं होतं. वेळही बरोबर होती, आदल्या रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी, सकाळचा डोस घेण्याआधी. नंतर नळी फ्रिजमध्ये ठेवली गेली. संध्याकाळच्या पार्सलमध्ये बाकीच्या नमुन्यांचा प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरलेला रक्ताचा द्रव, जायचा होता. त्यांच्यासोबत हीही नळी सेंट्रिफ्यूज या गरगर फिरवून थर वेगळे करणाऱ्या यंत्रात फिरवली गेली. वरचा पिवळसर थर वेगळ्या कुपीत काढून पाठवला गेला. पुढच्या लॅबमध्ये कुपी पोचली तेव्हा ती कशाची आहे हे कुणी तपासलं नाही. लाल थर इकडेच कचऱ्यात गेला, आणि औषधाचा मोठा वाटाही त्याच्याबरोबर.

सायक्लोस्पोरिन रक्तात कुठे असतं याचे आकडे ठाऊक आहेत. ४१ ते ५८ टक्के तांबड्या पेशींत, ३३ ते ४७ टक्के प्लाझ्मात, उरलेलं पांढऱ्या पेशींत. तांबड्या पेशीला केंद्रक नाही, तिला प्रतिकाराचं कसलं कामही नाही. मग ती हे औषध एवढं का धरून ठेवते? कारण तिच्या आत सायक्लोफिलिन ठासून भरलेलं असतं आणि ते सायक्लोस्पोरिन घट्ट पकडतं. रक्तातली तांबडी पेशी ही या औषधाची कणगी आहे. कणगी बाहेर टाकून अंगणात सांडलेलं भात मोजलं, तर पीक कमीच भरणार.

त्यात आणखी एक बारकावा. हे वाटप तापमानावर अवलंबून असतं. रक्त ३७ अंशांवरून थंड होत गेलं की औषध प्लाझ्मातून तांबड्या पेशींत सरकतं. त्यामुळे फ्रिजमध्ये ठेवून मग फिरवलेल्या नळीतला प्लाझ्मा शरीरातल्या प्लाझ्मापेक्षाही कोरडा निघतो. म्हणूनच जगभर ही तपासणी अख्ख्या रक्तावर करतात. लॅबमध्ये आधी पेशी फोडून औषध बाहेर काढतात आणि मगच मोजतात.

संकलन केंद्रासाठी एवढ्या गोष्टी पुरतात. ईडीटीएची नळी, २ ते ३ मिलिलिटर रक्त, नळी आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करायची म्हणजे गुठळी होणार नाही. फिरवायची नाही, थर वेगळा काढायचा नाही. २ ते ८ अंशांवर अख्खं रक्त काही दिवस टिकतं, त्यामुळे घाटात दरड कोसळून पार्सल एक दिवस अडकलं तरी बिघडत नाही. गोठवायचं मात्र नाही. नळीवर शेवटच्या डोसची वेळ आणि रक्त घेतल्याची वेळ, दोन्ही लिहायच्या. सकाळची गोळी घेऊन दोन तासांनी रक्त दिलं तर आकडा कित्येक पटींनी मोठा येतो. ती तपासणी वेगळी, तिची चौकटही वेगळी. दरवेळी लॅब एकच असावी, कारण अँटिबॉडीने औषध ओळखणाऱ्या इम्युनोअॅसे पद्धतीत औषधाचे तुटलेले तुकडेही थोडेफार मोजले जातात आणि आकडा रेणूंच्या वजनावरून मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीपेक्षा वर येतो.

या रुग्णाचं हिमोग्लोबिन ९.८ होतं हेही ध्यानात ठेवायला हवं. तांबड्या पेशी कमी म्हणजे कणग्या कमी. अशा माणसात अख्ख्या रक्ताचा आकडा थोडा कमी दिसला तरी प्लाझ्मातलं मोकळं औषध तेवढंच असू शकतं.

हे प्रोटीन नेमकं काय करतं

सायक्लोस्पोरिन हा अकरा अमिनो आम्लांचा गोल रेणू. नॉर्वेतल्या हार्डांगरविड्डा पठाराच्या मातीतल्या एका बुरशीतून तो मिळाला. स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या सँडोझ कंपनीत १९७० च्या दशकात त्याचा प्रतिकारशक्ती दाबणारा गुण लक्षात आला. १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली आणि अवयव प्रत्यारोपणाचं चित्रच पालटलं. पण तो पेशीत कुणाला धरतो हे तेव्हा माहीत नव्हतं. १९८४ मध्ये येल विद्यापीठात रॉबर्ट हँडशूमाखर आणि सहकाऱ्यांनी गाईच्या थायमस ग्रंथीतून त्याला धरणारं प्रोटीन वेगळं काढलं. सायक्लोस्पोरिनवर प्रेम करणारं, म्हणून नाव सायक्लोफिलिन.

त्याचं मूळ काम १९८९ मध्ये कळलं. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. माळेत प्रोलिन आलं की त्याच्या आधीची जोडणी दोन तऱ्हांनी बसू शकते, सिस आणि ट्रान्स. एका तऱ्हेतून दुसरीत जायला आपोआप सेकंदांपासून मिनिटं लागतात, आणि पेशीच्या हिशेबात हा फार वेळ झाला. सायक्लोफिलिन ही जोडणी बिजागरीसारखी झटकन वळवून देतं. माळ नीट घडी होऊन बसायची असेल, किंवा तयार प्रोटीनचा एखादा भाग चालू-बंद व्हायचा असेल, तर ही वळणं महत्त्वाची. गुंटर फिशर यांचा हाले इथला गट आणि जपानमधला एक गट, दोघांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की बिजागरी वळवणारं एन्झाइम आणि सायक्लोफिलिन एकच.

माणसात या कुळातली सतराच्या आसपास प्रोटीनं आहेत. सगळ्यात मुबलक सायक्लोफिलिन ए, १६५ अमिनो आम्लांचं, जवळजवळ प्रत्येक पेशीत. तांबड्या पेशीतही हेच.

आता इथे एक गैरसमज सहज होतो. सायक्लोस्पोरिन सायक्लोफिलिनच्या कामाच्या खाचेतच जाऊन बसतं आणि बिजागरी वळवणं थांबतं, हे खरं. पण प्रतिकारशक्ती दबते ती त्यामुळे नव्हे. औषध आणि प्रोटीन मिळून जो नवा जोड तयार होतो, तो कॅल्सिन्युरिन या तिसऱ्याच एन्झाइमला जाऊन चिकटतो आणि त्याची वाट अडवतो. हे १९९१ मध्ये कळलं. टी-पेशीला, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशीला, परकं काही दिसलं की तिच्या आत कॅल्शियम वाढतं, कॅल्सिन्युरिन जागं होतं, एनफॅट या प्रोटीनवरचा फॉस्फेट काढतं. मग एनफॅट केंद्रकात शिरून टी-पेशींची संख्या वाढवणाऱ्या इंटरल्युकिन-२ ची ऑर्डर सोडतं. कॅल्सिन्युरिन अडलं की ऑर्डर निघत नाही आणि आईची किडनी मुलाच्या पोटात शांत राहते. याचा पुरावा दोन्ही बाजूंनी आहे. सायक्लोफिलिन ए नसलेले उंदीर वाढवले, तर ते जगतात, पण सायक्लोस्पोरिनचा त्यांच्या प्रतिकारशक्तीवर परिणाम होत नाही. उलट रेणूत थोडा फेरफार करून सायक्लोफिलिनला धरणारी पण कॅल्सिन्युरिनला न धरणारी औषधं बनवली, तर ती प्रतिकारशक्ती दाबत नाहीत.

औषध आणि विष इथे एकाच वाटेने येतात. कॅल्सिन्युरिन फक्त टी-पेशीत नसतं. किडनीच्या बारीक धमन्यांत आणि नळ्यांतही ते आहे, सायक्लोफिलिनही आहे. पातळी चढली की गाळणीकडे रक्त नेणारी धमनी आवळली जाते, गाळण कमी होतं, क्रिएटिनिन वर जातं. नळ्यांतून पोटॅशियम बाहेर पडत नाही, मॅग्नेशियम मात्र वाहून जातं, मीठ साचतं, रक्तदाब चढतो. या रुग्णात ही चारही चिन्हं होती: मॅग्नेशियम १.३, पोटॅशियम ६.३, रक्तदाब १७८/१०६ आणि क्रिएटिनिन २.९. किडनी नाकारली जाताना क्रिएटिनिन वाढतं, रक्तदाबही चढू शकतो. पण हाताला कंप, पोटॅशियम वर आणि मॅग्नेशियम खाली असा मेळ दिसला, तर पहिला संशय औषधाच्या चढीचा घ्यावा. दहाव्या दिवशी बशी वाजत होती आणि पोटॅशियम ५.५ होतं. ६४ या आकड्यावर शंका घ्यायला तेवढं पुरे होतं. अहवाल आणि रुग्ण परस्परविरोधी बोलत असतील तर डोसला हात लावण्याआधी नमुना पुन्हा घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे.

चढली कशी

सायक्लोस्पोरिन मोडतं ते यकृतात आणि आतड्याच्या अस्तरात, सीवायपी३ए४ या एन्झाइमने. इट्राकोनाझोल या एन्झाइमला जोरात अडवतं. एकटं तेच पातळी दोन-तीन पटींनी चढवू शकतं. ज्याला ते द्यावंच लागतं, त्याचा सायक्लोस्पोरिनचा डोस पहिल्याच दिवशी साधारण निम्म्यावर आणून तीन ते पाच दिवसांत पातळी बघतात. केटोकोनाझोल, व्होरिकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल यांचीही तीच गत. उलट दिशेने रिफाम्पिसिन, फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन पातळी एकदम खाली ओढतात. क्षयाच्या उपचारात किडनी गमावण्याचा धोका त्यातूनच येतो. टॅक्रोलिमस घेणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. ते सायक्लोफिलिनऐवजी एफकेबीपी नावाच्या दुसऱ्याच प्रोटीनच्या गळ्यात पडतं, पण दोघांचं लक्ष्य कॅल्सिन्युरिनच आणि मोडणारं एन्झाइमही हेच.

दुसरा धागा घरातच निघाला. केंद्रातल्या आहारतज्ज्ञ ताईंनी फळांची चौकशी केली तेव्हा परसातल्या पपनसाचं नाव आलं. गणपतीच्या दिवसांत पपनस उतरतात, गणपतीवरच्या माटवीला टांगतात. हा माणूस आठवडाभर रोज पाच-सहा फोडी मीठ लावून खात होता. पपनस हे ग्रेपफ्रूटचं सख्खं नातेवाईक. दोघांतही फ्युरॅनोकुमारिन असतात, जी आतड्यातलं सीवायपी३ए४ कायमचं निकामी करतात. नवं एन्झाइम तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर गिळलेलं सायक्लोस्पोरिन अधिक प्रमाणात रक्तात जातं. निरोगी माणसांवर केलेल्या एका अभ्यासात पपनसाच्या रसाने सायक्लोस्पोरिनचं शोषण वाढल्याचं दिसलं आहे. रुग्णाच्या कागदावर 'ग्रेपफ्रूट खाऊ नये' असं इंग्रजीत छापलेलं होतं. वेंगुर्ल्यात ग्रेपफ्रूट कोण खातो? 'पपनस' असं मराठीत लिहिलं असतं तर तो वाचून थांबला असता. साधं संत्रं किंवा मोसंबं याबद्दल अशी अडचण नाही.

आणि शहाळं. लघवीला जळजळ वाटते म्हणून दिवसाला दोन. शहाळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. एका शहाळ्यात ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी धरलं, तर दोन शहाळ्यांत साधारण १.२ ते २ ग्रॅम जातं. किडनी पोटॅशियम बाहेर टाकत नसताना हे पाणी विषासारखं. डोकेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतलं का, हेही खोदून विचारलं. या गोळ्या किडनीला आणखी दुखावतात. घेतल्या नव्हत्या, हे नशीबच.

केंद्रातले दिवस

सतरावा दिवस. ईसीजीत टी लाटा उंच आणि टोकदार. कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिलिलिटर, पाच मिनिटांत शिरेतून. त्याने पोटॅशियम उतरत नाही, हृदय सांभाळलं जातं. मग इन्सुलिन १० युनिट आणि सोबत २५ ग्रॅम डेक्स्ट्रोज, सॅल्ब्युटामॉल १० मिलिग्रॅम वाफेतून. किडनी मंद असली की इन्सुलिन रेंगाळतं, म्हणून साखर सहा तास दर तासाला पाहिली. चार तासांनी पोटॅशियम ५.४. मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम हळूहळू. अॅम्लोडिपिन १० पर्यंत वाढवलं. डिल्टियाझेम मुद्दाम टाळलं.

इट्राकोनाझोल बंद. सायक्लोस्पोरिनचा सकाळचा आणि रात्रीचा डोस थांबवला. अझाथायोप्रिन आणि प्रेडनिसोलोन चालूच, त्यामुळे प्रतिकारशक्ती पूर्ण मोकळी सुटली नाही. सोनोग्राफीत किडनीला सूज नाही, लघवीचा अडथळा नाही, डॉपलरमध्ये रक्तप्रवाह ठीक. बायोप्सीचा, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासण्याचा, प्रश्न आधीच ठरवून टाकला: ७२ तासांत क्रिएटिनिन २० टक्क्यांनी उतरलं नाही तर करायची. नाकारण्याची शक्यता पातळी चढलेली असतानाही शून्य नसते, म्हणून अशी मुदत घालून घेणं बरं. नाहीतर 'उद्या बघू' करत आठवडा जातो.

अठराव्या सकाळी पातळी १५८. त्या रात्रीपासून सायक्लोस्पोरिन ५० मिलिग्रॅम दोनदा. विसाव्या दिवशी क्रिएटिनिन २.१, एकविसाव्या दिवशी १.९ आणि पातळी १४२. बायोप्सी टळली.

खरी कसोटी इथून पुढे. इट्राकोनाझोल शरीरातून जायला एक ते दोन आठवडे घेतं. ते ओसरत जाईल तसं एन्झाइम मोकळं होतं आणि तोच ५० मिलिग्रॅमचा डोस दिवसेंदिवस कमी पडू लागतो. रुग्णाला बरं वाटतंय, कंप गेलाय, क्रिएटिनिन उतरतंय, अशा वेळी निम्म्या डोसवर घरी पाठवून महिन्याने बोलावलं, तर मधल्या काळात किडनी नाकारली जाऊ शकते. आणि घाईने एकदम १०० वर नेलं, तर पातळी पुन्हा उसळते. म्हणून दर तीन-चार दिवसांनी नळी. चोविसाव्या दिवशी ११८, सत्ताविसाव्या दिवशी ८४. डोस ७५ दोनदा. एकतिसाव्या दिवशी ९८, पस्तिसाव्या दिवशी ८३. डोस १०० दोनदा. बेचाळिसाव्या दिवशी ११०, क्रिएटिनिन १.४.

या सगळ्या नळ्या गावाहूनच गेल्या. केंद्राने संकलन केंद्राला फोन करून फक्त एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: फिरवू नका.

मुलाचा प्रश्न

हे प्रोटीन सगळीकडे आहे, तर ते अकरा वर्षं अडवून ठेवल्यावर बाकी शरीराचं काय, असं रुग्णाच्या मुलाने विचारलं. प्रश्न रास्त आहे. सायक्लोफिलिन ए सगळंच्या सगळं अडत नाही, कारण पेशीत ते औषधापेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि ते नसलेले उंदीरही जगतात. त्रास होतो तो कॅल्सिन्युरिन अडल्याचा: रक्तदाब, किडनीवर हळूहळू चढणारा वण. शिवाय या औषधाने हिरड्या फुगतात, अंगावर केस वाढतात, युरिक अॅसिडही वाढतं. (युरिक अॅसिडसाठी कुणी सहज अॅलोप्युरिनॉल लिहून दिलं, तर अझाथायोप्रिनसोबत ते पांढऱ्या पेशी धोकादायकपणे उतरवतं. हा इशाराही कागदावर असायला हवा.)

कुळातल्या इतरांची कामं वेगळी. सायक्लोफिलिन बी पेशीच्या प्रोटीन घडवणाऱ्या भागात कोलॅजेन तयार करायला हातभार लावतं. त्याच्या जनुकात दोन्हीकडून दोष आला तर मुलाची हाडं जन्मतः ठिसूळ असतात. सायक्लोफिलिन डी मायटोकाँड्रियात राहतं. हृदयाचा रक्तपुरवठा अडून पुन्हा सुरू होतो, तेव्हा मायटोकाँड्रियाच्या भिंतीतलं एक दार उघडायला ते मदत करतं आणि पेशी मरते. हे प्रोटीन नसलेल्या उंदरांत अशा वेळी कमी नुकसान होतं. त्यावरून हार्ट अॅटॅकच्या रुग्णांना सायक्लोस्पोरिन देऊन पाहिलं. २०१५ मध्ये ९७० रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला, फायदा दिसला नाही.

विषाणूंनाही हे प्रोटीन लागतं. एचआयव्हीच्या कवचाला सायक्लोफिलिन ए चिकटतं, हे १९९३ पासून माहीत आहे. हेपॅटायटिस सी च्या विषाणूला वाढायला ते हवं असतं. म्हणूनच कॅल्सिन्युरिनला हात न लावणारं अॅलिस्पोरिव्हिर हे औषध या आजारासाठी पुष्कळ पुढे गेलं होतं. २०१२ मध्ये काही रुग्णांना स्वादुपिंडाचा दाह झाला आणि चाचण्या अडल्या. पेशीबाहेर पडलेलं सायक्लोफिलिन ए पेशींच्या पृष्ठभागावरच्या सीडी१४७ या प्रोटीनला चिकटून दाह वाढवतं. सांधेदुखीच्या आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांत त्यावर काम चालू आहे.

गजकर्णाचं काय झालं

मूळ तक्रार तशीच होती, उलट औषध अर्ध्यावर बंद झाल्याने वाढली. सहा आठवडे फक्त मलम, स्टेरॉइड नसलेलं, ल्युलिकोनाझोल १ टक्का, डागाच्या कडेबाहेर दोन बोटं जागा धरून. त्वचेवर लावलेलं अझोल (इट्राकोनाझोलच्याच कुळातलं औषध) रक्तात नगण्य जातं. क्रिएटिनिन १.४ वर स्थिरावल्यावर टर्बिनाफिन हे बुरशीवरचं दुसरं पोटात घ्यायचं औषध २५० मिलिग्रॅम रोज सुरू केलं. ते सीवायपी३ए४ अडवत नाही. झालंच तर सायक्लोस्पोरिनची पातळी किंचित उतरवतं. मात्र किडनीचं गाळण मिनिटाला ५० मिलिलिटरच्या खाली असेल तर ते देत नाहीत, म्हणून एवढी वाट पाहावी लागली. आपल्याकडच्या बऱ्याच गजकर्णावर टर्बिनाफिन आता चालत नाही हेही खरं. या रुग्णात चाललं. आठवड्याने पातळी १०२ आली, डोस बदलावा लागला नाही. घरातल्या दोघांनाही डाग होते, त्यांच्यावर एकाच वेळी उपचार केले. टॉवेल वेगळे केले, कपडे चुलीच्या धगीवर न वाळवता इस्त्री करून घालायला सांगितले.

दहाव्या आठवड्यात कंबरेला फक्त तपकिरी छटा उरली होती. रुग्णाच्या पाकिटात आता मराठीत लिहिलेलं कार्ड आहे: 'सायक्लोस्पोरिन चालू. बुरशीची गोळी, क्लॅरिथ्रोमायसिन, क्षयाची औषधं, दुखण्याची गोळी: आधी केंद्राला फोन. पपनस नाही. शहाळं विचारून.' आणि संकलन केंद्राच्या फ्रिजच्या दारावर जांभळ्या झाकणाच्या नळीचं चित्र चिकटवलेलं आहे, खाली सेंट्रिफ्यूजवर फुली.